थांब्याथांब्यावर थांबणारं घर

रोसारिओ,
फेब्रुवारीतला एक मंगळवार, भर दुपार

चिरंजीव तुलियो यास,

थोरल्या बहिणीचा रागासकट आशीर्वाद. (आशीर्वाद आधी घे, रागाचं पुढे येतंच आहे.) तुझी पाठ कशी आहे? रास्पबेरीची तोडणी उरकली, की अजून वाकूनच चालतोस? नोएमीने पाठवलेला मुरंबा पोचला, उत्तम होता, आणि त्यातली अर्धी बाटली मिर्तावहिनींनी 'नुसती चव बघते' म्हणत उभ्या उभ्या संपवली, हेही तिला सांग. आयलेनला माझा पापा दे. पंधरा वर्षांची होतेय म्हणजे आता तिला पापे चालत नसतील, तर लांबूनच दे. इथे आम्ही सगळे बरे आहोत. म्हणजे आई बरी आहे, तुझे भाऊजी नको तेवढे बरे आहेत, आणि मी कशी आहे हे कुणी विचारलेलं नाही, म्हणून सांगत नाही.

आता तुझ्या निरोपाबद्दल. फोनवर तू जो बोलका निरोप धाडलास तो मी आईसमोर लावला, ही माझी चूक. 'सुलेमा, तीन महिने झाले, एक गाडी ठरवायला एवढा वेळ? इकडे लोक तेवढ्यात घर बांधून राहायला जातात,' असं तू म्हणालास, आणि मागे कोणीतरी हसलंसुद्धा. नोएमी हसली असेल तर माफ आहे. तू स्वतःच हसला असशील तर ऐक. तू हे घर सोडून डोंगरात जाऊन बसलास, तिथे रास्पबेरीची झुडपं तुला उलट उत्तर देत नाहीत. मी अशा माणसांत राहते ज्यांचं पाव कुठल्या बाजूने कापायचा यावर एकमत व्हायला दुपार टळते. फोनवर हे सगळं सांगितलं असतं, पण तुझ्या दरीत दोन वाक्यांनंतर आवाज तुटतो, आणि तुटला नाही तरी तू मध्ये बोलतोस. पत्रात मध्ये बोलता येत नाही. शिवाय ओरासियोदादा तुझ्याकडे आमच्या आधी पोचणार आहे (कसा, ते पुढे येईल), आणि त्याची बाजू तुझ्या कानावर आधी पडली तर माझ्या बाजूला कुत्रं विचारणार नाही.

मुळात बेत काय होता ते ऐक, कारण तोच सगळे विसरले आहेत. पंधराव्या वाढदिवसाच्या रात्री मुलगी पंधरा जणांची नावं घेते आणि त्यांच्याकडून एकेक मेणबत्ती लावून घेते. त्यातली पहिली आयलेनने आजीच्या नावाची ठेवली आणि तसा निरोप धाडला. आईने तो निरोप गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन ऐकवला. (खाटकाकडे दोनदा. पहिल्यांदा त्याची बायको दुकानात नव्हती.) आईची नजर उतरत चालली आहे हे तुला ठाऊक आहे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं की येत्या हिवाळ्यानंतर भरवसा धरू नका. आईने ते ऐकून घेतलं, पर्सचा खटका लावला आणि म्हणाली, 'मग पोरीला आधी बघून घ्यायला हवं.' रडली नाही, काही नाही. रस्त्यात येऊन मीच रडले. आयलेनला तिने पाहिलं ते पोरगी हातात चमचा धरायला शिकत होती तेव्हा. त्यानंतर फक्त फोनच्या काचेवर, आणि ती काच आता तिला धुक्यासारखी दिसते. विमान डॉक्टरीणबाईंनी वर्ज्य केलंय. लांबच्या बसमध्ये तासन्‌तास बसलं की तिचे पाय भोपळ्यासारखे सुजतात. तेव्हा तिला आडवं पडता येईल अशी घरगाडी घ्यायची, आई, मी आणि चालवायला तुझे भाऊजी. तीन माणसं, एक पलंग, दोन दिवसांचा रस्ता. एवढाच होता बेत.

हा बेत मी रविवारच्या असादोला बोलून बसले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! तुला आठवत असेल, आपल्याकडे मांस जाळीवर चढलं की ते उतरेपर्यंत कुणाला घरी जाता येत नाही, आणि तुझे भाऊजी ते मंद आचेवर असं काही भाजतात की तेवढ्या वेळात माणसं एकमेकांचे सगळे दोष आठवून संपवतात. अशा भुकेल्या मंडळींपुढे मी नवा विषय टाकला. आधी दादा म्हणाला, 'आई जाणार आणि थोरला मुलगा घरी बसणार, हे बरं दिसतं का?' (दादाने जन्मभर दस्तांच्या कचेरीत दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारले, आता आपल्या मतांवर मारतो.) मग मिर्तावहिनी म्हणाल्या की नवरा जातोय तर त्याच्या गोळ्या कोण देणार. मग त्यांच्या दोन्ही मुली, जावई, जावयाची आई, आमचा एर्नान आणि त्याची पोरं, आणि एक बाई जिला मी अजूनही ओळखत नाही पण जी प्रत्येक असादोला असते. मांस जाळीवरून उतरलं तेव्हा आम्ही एकोणीस झालो होतो.

मग भाड्याची घरगाडी बघायला गेलो. जायचं होतं मी आणि दादाने. गेलो अकरा जण. गावाबाहेरच्या अंगणात पांढऱ्याशुभ्र गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि मालक सभ्य माणूस होता बिचारा. त्याने विचारलं किती जण. दादा म्हणाला, एकोणीस. म्हणजे गाड्या किती? दादा म्हणाला, एक. मालक हसला, आम्ही कुणीच हसलो नाही, तेव्हा त्याने हसणं आवरलं. त्याची सगळ्यात मोठी गाडी सहा माणसांची होती. दादाने आत शिरून टेपने मापं घेतली आणि टेबलाखाली दोन, टेबलावर दोन, असं जाहीर करायला सुरुवात केली. तेवढ्यात मिर्तावहिनी संडासात जाऊन बसल्या, कडी लावली आणि आतून ओरडल्या, 'आवाज बाहेर येतो का हो?' येतो. सगळा येतो. मालकाने खाली बघत समजावलं की बहुतेक कुटुंबं तो संडास किरकोळ कामापुरताच वापरतात आणि मोठ्या कामाला पेट्रोलपंपावर थांबतात. यावर दादाने भाषण केलं की एकोणीस सभ्य माणसं पेट्रोलपंपावर रांग लावणार नाहीत, आम्ही काय सामन्याहून परतणारे प्रेक्षक आहोत का. मालकाने सगळं ऐकलं आणि आपल्या गाड्या फेब्रुवारीभर मोकळ्या नाहीत असं सांगितलं. तो आधी मार्च म्हणणार होता बहुतेक, पण आम्ही केव्हा जाणार हे त्याने आमच्याच तोंडून ऐकलं होतं.

असे रविवारमागून रविवार गेले. आणि एका रविवारी तुझे भाऊजी, जे इतके दिवस तोंडातून शब्द न काढता निखारे सारत होते, चिमटा खाली ठेवून म्हणाले, 'माझी आहे की.' मी विचारलं, तुमची कोण? म्हणाले, 'बस.' आता तुला सांगायला नको, या माणसाने नोकरीभर शहराची एकच बस एकाच मार्गावर चालवली. ती मोडीत निघाली तेव्हा फुनेसच्या एका कोंबडीवाल्याने खुराडं म्हणून नेली, हे मला ठाऊक होतं. हे दर महिन्याला तिला भेटायला जात होते, हे मात्र मला ठाऊक नव्हतं! मला सांगायचे, गुडघा दाखवायला जातो. दुसऱ्या दिवशी आपली मासेमारीची होडी त्या कोंबडीवाल्याला देऊन हे बस घेऊन दारात हजर. होडी अर्धी माझी होती. मला कुणी विचारलं? बसच्या सीटांवर अंडी होती, छतावर पिसं होती, आणि हॉर्न वाजवल्याबरोबर मागच्या बाकाखालून एक कोंबडी निघाली ती शेजाऱ्यांकडे गेली आणि तिथेच राहिली. आई हाताने चाचपत बसभर फिरली, समोरच्या आरशाच्या झालरी, गियरच्या दांड्याची काचेची मूठ, सगळं बोटांनी बघितलं, आणि म्हणाली, 'हिच्यातून जायचं.' झालं, ठरलं. मी म्हटलं निदान रंग तरी देऊ या. कपाळावर मार्गाचा आकडा, अंगावर तोच निळा-पांढरा पट्टा, हे घर आहे की चौकातली बस? तर तुझे भाऊजी म्हणाले, 'सुलेमा, मला टक्कल पडलं तेव्हा मी तुला विग आणू दिला का?' या वाक्याचा अर्थ मी अजून शोधते आहे.

पुढचा महिना पलंगांवरून भांडणात गेला. दादाने झोपायच्या जागा वयाप्रमाणे, नात्याप्रमाणे आणि घोरण्याप्रमाणे लावल्या. वय आणि नातं बदलता येत नाही, म्हणून सगळे घोरण्यावर तुटून पडले, आणि शेवटी असं निघालं की आपल्या खानदानात कुणीच घोरत नाही. मिर्तावहिनींना चाकावरचा पलंग मिळाला, त्यावर त्यांनी दोन दिवस अन्न सोडलं. (माझा मुरंबा सोडून.) सगळ्यात मोठी लढाई चालकाशेजारच्या जागेची. येर्बाच्या कडू चहाचा भोपळा भरून चालकाच्या हातात देत राहायचा, नळी त्याच्या तोंडाशी नीट ठेवायची, त्याला झोप लागू द्यायची नाही, हा केवढा मान हे तुला काय सांगू. जावयाची आई म्हणाली, पाणी किती गरम हवं ते मलाच कळतं. दादा म्हणाला, रस्ते मला पाठ आहेत. आई म्हणाली, 'तिथे मी बसणार.' आणि सगळे मागे सरले, कारण आईला अजून काही दिसायचं असेल तर ते समोरच्या काचेतूनच दिसणार, एवढं आमच्या खानदानालाही कळलं.

पण बरगड्यांचं ऐक. हे ऐकून तुझंही डोकं फिरलं नाही तर तू माझा भाऊ नाहीस. दादाच्या डोक्यात बसलं की दक्षिणेत सगळे कोकरूच खातात आणि एवढ्या दूर जाऊन आपण कोकरू खाणं हा अपमान आहे. म्हणून त्याने गाईच्या बरगड्यांचे ताटाएवढे तुकडे आणले, बसच्या फ्रीजमध्ये कोंबले, आणि वर त्याचं दार बंद होईना म्हणून दोरीने बांधलं. मी म्हटलं, दादा, वाटेतल्या नदीवरच्या नाक्यावर हाडाचं मांस दक्षिणेत जाऊ देत नाहीत, जनावरांच्या रोगाचा नियम आहे, अगदी शाळेतल्या पोरांना ठाऊक आहे. दादा म्हणाला, 'पण हाड दाखवायचंच कशाला?' आणि त्याची युक्ती काय, तर नाका आला की बरगड्या आईच्या गादीखाली सारायच्या, कारण म्हाताऱ्या बाईला उठवायला कुणी धजणार नाही. आपल्या आईच्या अंगाखाली! मी चिमटा घेऊन उठले होते. पण आईच म्हणाली, 'ओरासियो, मी गादीवर झोपेन. गाईवर नाही.'

तर अखेर ठरलं की जायच्या आधी एकदा बस भरून चालवून बघायची. नदीवरच्या लांब पुलावरून पलीकडे विक्टोरियाला जायचं आणि परत यायचं. जेवणं झाली, एकोणीसच्या एकोणीस चढले, पलंग, पातेली, पोरं, सगळं. रविवारची रणरणती दुपार. आता रविवारी शहरात बस किती येतात हे तुला आठवत असेल. माणसं थांब्यावर उभी राहून कंटाळतात आणि मग सावलीत बसून कंटाळतात. पहिल्याच थांब्यावर एका बाईने हात केला. आणि तुझे भाऊजी थांबले. दार फिस्स करून उघडलं. मी ओरडले, 'अहो, काय करताय?' तर म्हणाले, 'हात केला तिने.' जणू काही मीच वेडी! ती बाई, हातात केकचं खोकं, धाप टाकत वर चढली आणि कार्ड टेकवायचं यंत्र शोधू लागली. तिथे आता मिर्तावहिनींचं केस वाळवायचं यंत्र टांगलेलं होतं. तिने त्याच्यावर कार्ड टेकवलं, 'नमस्कार' म्हणाली आणि जावयाच्या आईच्या पलंगावर बसली.

दादा गरजला की ही खाजगी गाडी आहे. तोवर दुसरा थांबा आला. तिथे एक वयस्कर प्लंबर आणि त्याची बहीण. हात केला, थांबले. तिसऱ्या थांब्यावर निवृत्तांच्या क्लबातल्या बायका, घडीच्या खुर्च्या काखेत मारून नदीकाठी निघालेल्या, त्यांच्यातल्या एकीने हात केला आणि सहा जणी चढल्या. मी पुढे जाऊन नवऱ्याचा खांदा धरला. त्यांचं कपाळ घामाने भिजलेलं. हळूच म्हणाले, 'सुलेमा, मी ठरवतो की थांबायचं नाही. पण पाय ऐकत नाही.' राग आला, पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर जो आनंद होता ना, तुलियो, तो मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. (हे मला लागलं, हे लिहून ठेवते.) आणि आई! आई पुढच्या जागेवर वळून बसली होती आणि चढणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती, कुठे निघालात, बसा, सावली या बाजूला आहे, येर्बा घेणार का? कुणाच्या हातात भोपळा, कुणाच्या हातात बिस्कीट. केकवाल्या बाईचं नाव दोन्या ट्रान्सितो, आयुष्यभर सुईणीचं काम केलेली. तिने आईशी बोलता बोलता केकच कापला. भाचीचा होता म्हणे, पण भाची नेहमीच उशिरा उठते.

पुलाच्या अलीकडे मिर्तावहिनी मधोमध उभ्या राहिल्या आणि तुझ्या भाऊजींना म्हणाल्या, 'देल्फोर, या सगळ्यांना खाली उतरवा. हे आपल्या घरात बसलेत!' आई म्हणाली, 'मिर्ता, त्यांनी हात केला म्हणून हा थांबला. तुमच्यापैकी कुणी हात केला होता? तुम्ही न विचारताच चढलात.' मग आईने तशीच सगळ्या बसला ऐकू जाईल असं सांगितलं की माझ्या नातीचे पंधरा पूर्ण होतायत, दक्षिणेत, डोंगरात, गाडीत जागा आहे. मिर्तावहिनी किंचाळल्या, 'कुठली जागा? मी चाकावर झोपतेय!' प्लंबर उठून म्हणाला, 'बाई, मला चाकावर चालेल. माझं काही नाही.' त्याने हे इतक्या सौजन्याने म्हटलं की दादाला तो चोरच वाटला.

घरी आल्याबरोबर दादाने अंगणात उभं राहून जाहीर केलं की मी या प्रवासातून अंग काढून घेतो. तुला माहीत आहे, आपल्या घरात अंग काढून घेणं म्हणजे आता माझ्या पाया पडा. नाक मुरडायचं, टोपी घ्यायची, दाराकडे जायचं, आणि कुणीतरी मागून हाक मारेपर्यंत टोपी हळूहळू घालायची. दादाने टोपी घातली, काढली, झटकली, परत घातली. आई म्हणाली, 'बरं.' एवढंच. आता एका 'बरं'नंतर कुणी परत कसं यावं? मिर्तावहिनींनी गोळ्यांचं कारण काढलं. मुलींना कळलं की आपली आईच जात नाही. एर्नानला अचानक कामं निघाली. सगळ्यांनी कुटुंबाच्या फोनवरच्या गटात मला बोल लावले. हे सगळं सुलेमाने विस्कटलं, सुलेमाला माणसं सांभाळता येत नाहीत, सुलेमा पहिल्यापासून तीनच जणांना नेणार होती. (होते! तेच तर म्हणते आहे मी!) दादा आणि वहिनींनी आता विमानाचं तिकीट काढलंय. तुझ्याकडे गुरुवारी सकाळीच पोचतील आणि दादा दारातच म्हणेल, 'तुझ्या बहिणीने आईला अनोळखी माणसांच्या स्वाधीन केलं.' त्याला आधी काहीतरी खायला घाल. पोट भरलं की त्याचा अर्धा राग उतरतो. दुसरा अर्धा माझ्यासाठी राखून ठेव.

तर असा सगळा प्रकार, आणि आता तूच सांग, यात माझी चूक कुठे? मी तीन माणसांसाठी एक गाडी मागितली होती. गाडी मिळाली, माणसं गेली, नावं मला. आम्ही उद्या पहाटे निघतो. आई आत्ताच पर्स मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसली आहे, बस अजून अंगणात उभी आहे तरी. तिला सांगितलं की निघायला पूर्ण रात्र आहे. म्हणाली, 'मला कुठे घाई आहे?'

नोएमीला नमस्कार, तुझ्या पाठीला मोहरीचं तेल लाव.

सदैव तुझ्यावर रागावलेली आणि सदैव तुझीच,
सुलेमा

ता. क. हे पत्र तुझ्या भाऊजींच्या जुन्या जोडीदाराच्या, एबेरच्या हाती देते आहे. तो आजच दक्षिणेची बस घेऊन निघतोय, आमच्या आधी पोचेल. त्याला चहा दे, पण गप्पा मारायला बसवू नकोस, तो उठत नाही.

ता. क. २. आम्ही किती जण येतोय हे वर लिहायचं राहिलं. चौदा. त्यातले नात्यातले तीन, म्हणजे मूळ बेत तंतोतंत पाळला गेला आहे, हे दादाला दाखव. बाकी दोन्या ट्रान्सितो, प्लंबर पास्कुआल आणि त्याची बहीण, क्लबातल्या सहा जणी, आणि वाटेत आणखी दोघांनी हात केला होता ते. तू एकोणीस जणांची पानं धरली होतीस, तेव्हा कुरकुर करू नकोस, उलट तुझी पाच वाचली. दोघे विमानाने येतात, म्हणजे तीन. बसमधल्या पाहुण्यांना रास्पबेरीच्या रांगांमध्ये तंबू ठोकायला जागा दे. खुर्च्या त्यांच्या त्या आणतायत.

ता. क. ३. बरगड्या दादा फ्रीजमध्ये विसरून गेला. टाकून द्यायला मी काही मिर्ता नाही. नदीच्या अलीकडे रस्त्याकडेला जाळी लावून सगळ्या संपवणार आहोत. नाक्यावरून आमची फक्त पोटं जातील. हे दादाला सांगू नकोस.

ता. क. ४. आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. आईला न सांगता लिहिते आहे, तिला कळलं तर ती मला बसमधून उतरवेल. दिवस मावळला की तिला काहीच दिसत नाही, तुलियो. दिव्याच्या उजेडात सगळे चेहरे तिला सारखे होतात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता जे काही दिसेल ते भर उन्हातच दिसेल, तेही समोर अगदी जवळ असेल तर. आणि वाढदिवस तू रात्री नऊला ठेवलायस, सगळे ठेवतात तसाच. तो दुपारी बाराला कर. मला माहीत आहे मी काय मागते आहे. पंधरावा वाढदिवस दुपारी कोणी करतं का? आयलेनने रात्रीचे दिवे, तिचा तो लांब झगा, मैत्रिणी, पहाटेपर्यंत नाचणं, सगळं मनात मांडून ठेवलं असेल. ती रडेल. तिला रडू दे, मग तिला सगळं खरं सांग, ती आपल्या आईची नात आहे, ऐकेल. रात्री हवं तितकं नाचा, पण मेणबत्त्या उन्हात लावा, अंगणाच्या मधोमध, छत नको, झाड नको. तुझे शेजारी हसतील. कोण हसतं ते बघून ठेव, मी आल्यावर त्यांच्याशी बोलेन. दुपारच्या उन्हात ज्योत कुणालाच दिसायची नाही आणि फोटो पांढरेफटक येतील. आईला पोरगी दिसेल.